बावीस माणसांचा मास्टर

अप्पाजींच्या पत्राला मुरलीकृष्णानं उत्तर दिलं नव्हतं, याला आता चार महिने होत आले होते.

पत्र निळ्या अंतर्देशीय कागदावर होतं. अप्पाजी ओरत्तनाडूला राहायचे, तंजावूरहून बसनं तासाभरावर. आजच्या काळात तासाभरावरच्या माणसाला कुणी पत्र लिहीत नाही. पण अप्पाजींना फोनवर नीट ऐकू येत नसे, आणि जे ऐकू येई त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त ड्रिल मास्तर ते. शाळेच्या मैदानावर मुरलीला पहिली बैठक त्यांनीच मारायला लावली होती. त्या वेळी मुरलीच्या पायांना वर्गातली पोरं उदबत्त्या म्हणत.

पत्र मराठीत होतं, पण तमिळ अक्षरांत. तंजावूरच्या मराठी घरांतून असंच चालतं. भाषा घरची आणि अक्षरं शाळेची. लिहिलं होतं ते असं:

‘चि. मुरलीस आशीर्वाद. आमची नात नंदिता तिरुचीला एका जिममध्ये पगारावर शिकवते, हे तुला ठाऊक आहे. आता तिला पगार सोडून तुझ्यासारखं स्वतःच्या जिवावर करायचं मनात आलं आहे, आणि तेही तंजावुरात येऊन. दोन वर्षांमागं तू माझ्या पाया पडून म्हणालास, की बावीस माणसं तुझ्याकडं आहेत. म्हणून तुला विचारतो. यात पोट भरतं का? आणि तिथं आणखी एकाला जागा आहे का? मार्च लागायच्या आत तिला हो की नाही सांगायचं आहे. तू सांगशील तसं ती करील. येऊन सांगू नकोस. समोर आलास की तू बडबडतोस. लिही. कागदावर माणसाचा हात जरा अडखळतो.’

मुरलीचा हात इतका अडखळला, की थांबलाच.

कारण बावीस माणसं त्याच्याकडं कधीच नव्हती. त्या दिवशी नऊ होती. पण अप्पाजींच्या अंगणात, त्यांच्या समोर उभं राहिल्यावर, त्यांनी ‘किती?’ म्हणून विचारलं आणि आकडा आपोआप फुगला. आरशासमोर दंड फुगतो तसा. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. भरलेल्या डोळ्यांना तेरा माणसं कमी करून कोण सांगणार?

आणि आता तर नवाचे सात झाले होते.

पत्र घरभर हिंडलं. आधी फ्रिजवर, मग देवांच्या तसबिरीमागं, मग प्रोटीनच्या डब्याखाली. त्याची बायको कमलाक्षी शाळेत शिकवायची. रविवारी घर आवरताना ती ते दोन बोटांत धरून उभी राहायची.

“अहो, हे वाणसामानाची यादी नव्हे. म्हातारा माणूस वाट बघत असेल.”

“लिहितो.”

“कधी?”

“हा सेट संपू दे.”

“तुमचा सेट दिवाळीपासून चाललाय.”

शेवटी पत्र त्याच्या जिमच्या पिशवीत गेलं, टॉवेल आणि पाण्याची बाटली यांच्या मध्ये, आणि रोज त्याच्याबरोबर कामावर जाऊ लागलं.

काम म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे. सहा वर्षं मुरलीनं एका जिममध्ये पगारावर काढली होती. मग एक दिवस त्याला वाटलं, आपण मालक व्हावं. मालक झाला, म्हणजे असं, की आता त्याला पगार नव्हता. सकाळी साडेचार ते नऊ मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या जिममध्ये आणि संध्याकाळी पाच ते नऊ नव्या बस स्टँडजवळच्या दुसऱ्या जिममध्ये तो आपली माणसं घेऊन जायचा, आणि त्या जागेचं भाडं जिमच्या मालकांना द्यायचा. पगारावर असताना माणसं जिमची असत आणि हा त्यांना वाकवत असे. आता माणसं याची होती आणि वाकत हाच होता. कुणी ‘मास्टर, उद्या येत नाही’ म्हणालं, की हा ‘परवा या’ म्हणायचा. कुणी ‘मास्टर, महिनाभर येत नाही’ म्हणालं, की हा घरी जाऊन गप्प बसायचा.

वर्षाचे सगळे महिने त्याच्याविरुद्ध कट करून बसल्यासारखे असत. मार्गळी, म्हणजे धनुर्मास, लागली, की लोक पहाटे देवळात जात, आणि ज्या वेळेला त्याची जिम भरायची त्याच वेळेला गल्लोगल्ली भजनं भरत. देवाशी चढाओढ करावी कशी? मग पोंगल. मग परीक्षा. मग लग्नं. जानेवारीत मात्र सगळे नवेकोरे बूट घालून येत, आणि महिना संपायच्या आत ते बूट घरी आराम करू लागत.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. इथली मोजणी कधी खरी नसते. मास्टर ‘शेवटचे दोन’ म्हणतो, तेव्हा पाच उरलेले असतात. दोन झाले, की तो पुन्हा ‘शेवटचे दोन’ म्हणतो. सगळे ट्रेनर असंच करतात, आणि माणूसही तक्रार करत नाही. त्याला तेवढी फसवणूक हवीच असते. मुरली या कामात फार तरबेज होता. त्याचा चेहरा गोल, भाबडा, नुकत्याच आंघोळ घातलेल्या बाळासारखा होता. तसा चेहरा असला म्हणजे आकड्यांवर कुणी संशय घेत नाही.

त्याचा स्वतःचा एक नियमही होता. जिममध्ये मराठी बोलायचं नाही.

हा नियम बाळकृष्णरावांनी शिकवला. बाळकृष्णराव नावाचे एक गृहस्थ सुरुवातीच्या दिवसांत पोट कमी करायला आले होते. तिसऱ्या दिवशी मुरलीच्या तोंडून एक मराठी शब्द गेला, आणि बाळकृष्णरावांनी डंबेल खाली ठेवून त्याची सगळी वंशावळ काढली. तंजावुरातल्या मराठी घरांचं असं आहे, की दोन माणसं पाच मिनिटं बोलली आणि नातं निघालं नाही, तर त्यातलं एक खोटं बोलतंय असं समजावं. बाळकृष्णराव मुरलीच्या मावशीकडून मामा निघाले. त्या दिवसापासून व्यायाम संपला. ते बाकावर बसून लग्नाच्या गोष्टी सांगत, आणि मुरलीनं ‘मामा, एक सेट’ म्हटलं, की ‘तू दमलास बाळ, बैस’ म्हणत. मामाकडं फी मागायची कशी? दिवाळीला त्यांनी फीऐवजी एक वेष्टी, म्हणजे धोतर, दिली आणि वर नमस्कार करून घेतला. पोट होतं तिथंच राहिलं. चारचौघांत मात्र ते सांगत, की आमच्या मुरलीकडं जाऊन सहा महिने झाले, काही फरक नाही.

तेव्हापासून जिममध्ये मुरली तमिळ होता. नाव विचारलं की मुरली. गाव विचारलं की तंजावूर. पुढं विचारलं की, ‘सार, पाठ सरळ.’

विजया मॅडम नोव्हेंबरात आल्या. एकसष्ट वर्षं वय, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, विषय गणित. अंगावर चुडीदार आणि पायात सुनेचे बूट. हातात भाजीची पिशवी आणि छत्री. पहिल्याच दिवशी त्यांनी तमिळात आपली मागणी स्पष्ट मांडली.

“मला सुंदर व्हायचं नाही मास्टर. मला जमिनीवरून भिंत न धरता उठायचंय. किती दिवस लागतील?”

“तीन महिने, मॅडम.”

“लिहून ठेवते,” त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी वही काढून लिहून ठेवलं.

भाजीच्या पिशवीचं कोडं मुरलीला पुढं कळलं. त्या घरातून बाजाराला म्हणून निघत, आणि परतताना खरोखरच भाजी घेऊन जात. एकसष्टाव्या वर्षी जिमला जाणं ही घरच्यांना सांगायची गोष्ट त्यांना वाटत नव्हती. राहतात कुठं, हे त्या ‘तिकडं’ एवढंच सांगत. मुरलीनंही विचारलं नाही. ज्याला स्वतःचं ‘तिकडं’ लपवायचं असतं, तो दुसऱ्याचं उकरत नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी त्या बैठका मारत होत्या.

“टेन,” मुरली म्हणाला. “सुपर, मॅडम. लास्ट टू.”

दोन झाल्या.

“सुपर. आता फक्त लास्ट टू.”

त्याही दोन झाल्या. मॅडमचा चेहरा डाळिंबासारखा झाला होता. त्या पुन्हा खाली गेल्या आणि मुरली आपल्या भाबड्या चेहऱ्यानं म्हणाला, “एवढं झालं की लास्ट—”

“मेल्या!” मॅडम खालूनच कडाडल्या. “बारा म्हणजे बारा! चौदा झाल्या! मोजता येत नसेल तर मंडईत गोण्या उचलायला जा!”

“पंधरा केल्यात तर गुडघा काय गळून पडतो का हो?” मुरलीच्या तोंडून गेलं.

दोघंही मराठीत बोलून गेले होते.

माणूस सुखात कुठल्याही भाषेत मोजू शकतो. मांड्या पेटल्या म्हणजे मात्र आईच्या भाषेत मोजतो. विजया मॅडम अर्ध्या बैठकीत थिजल्या होत्या. मुरली घड्याळाकडं बघत असल्याचं सोंग करत होता, आणि ते घड्याळ गेल्या वर्षापासून बंद होतं.

“वर या, मॅडम,” तो घाईघाईनं तमिळात म्हणाला.

त्या वर आल्या. भिंत हाताच्या अंतरावर होती. तिची कुणाला आठवणही झाली नाही.

“कुणाचा गा तू?” त्यांनी हळूच विचारलं.

मुरलीनं आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी आजीचं माहेर विचारलं. त्यानं तेही सांगितलं. तिसरा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

“अय्यो! म्हणजे तू आमच्या वैद्यनाथदादाचा धाकटा! तुझ्या बारशाला मी हरभऱ्याचं सुंडल वाटलंय, दोन पातेली. माझं लग्न झालं आणि येणंजाणं तुटलं. तुझी अत्या मी! विजयलक्ष्मी!”

मुरलीनं मनातल्या मनात सातांतून एक वजा केला.

“रडतोस काय?” अत्या म्हणाल्या.

“नाही हो अत्या. घाम आहे.”

“घाम मला यायचा, तुला कशाला? ऐक. राजवाड्यामागच्या गल्लीत राहते मी. तिथं एक अक्षर बोललास तर बघ. माझ्या नणंदेला कळलं, तर ती दारात उभी राहून सांगेल, की विजी आता कुस्तीला उतरली.”

“नाही सांगत. पण तुम्हीही सांगू नका, मी आपल्यातला आहे म्हणून.”

“का? आपल्यातल्यांनी काय केलं तुला?”

त्यानं बाळकृष्णरावांची आणि वेष्टीची गोष्ट सांगितली. अत्या इतक्या हसल्या, की ट्रेडमिलवरचा मुलगा पडता पडता वाचला.

“माझी फी तुला मिळेल, घाबरू नकोस. अत्या मी दाराबाहेर. आत आले की मी गिऱ्हाईक. बरं, धंदा कसा चाललाय? किती जण आहेत तुझ्याकडं?”

“बावीस,” मुरली म्हणाला. विचार करायच्या आतच म्हणाला. सवय वाईट.

अत्यांनी कपाळ पुसलं आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या.

“एका माणसाला किती वेळ देतोस?”

“तासभर.”

“आठवड्यातून किती दिवस?”

“तीन.”

“बावीस त्रिक सहासष्ट. आता तू सकाळी साडेचार तास इथं आणि संध्याकाळी चार तास तिथं. येणंजाणं सोड, आठ तास धरू. रविवार बंद. आठ सक अठ्ठेचाळीस. वरचे अठरा तास कुठं आहेत मुरली? तू झोपेत शिकवतोस का?”

दोनशे किलोचं वजन जमिनीवरून उचलणारा हा माणूस. पण अठरा तास त्याला उचलेनात.

“सात आहेत,” तो म्हणाला. “तुम्हाला धरून.”

“मग बावीस कुठून आणलेस?”

तेव्हा त्यानं पिशवीतून ते निळं पत्र काढलं. अत्यांनी भाजीच्या पिशवीतून चष्मा काढला आणि बाकावर बसून पत्र वाचलं, आणि मग घडी घालण्यापूर्वी वरची तारीख बघितली.

“चार महिने?”

“वेळ होत नाही, अत्या.”

“दुपारी काय करतोस?”

याचं उत्तर ‘काही नाही’ असं होतं.

“उद्या लिहून आण,” अत्या उठत म्हणाल्या. “मी तपासते.”

दुसऱ्या दिवशी त्यानं लिहून आणलं. खरं सांगायचं, तर तो जरा ऐटीतच आला होता. अप्पाजींसमोर फुगवलेला आकडा त्यानं स्वतःच्या हातानं टाचणी लावून सोडला होता, आणि त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं. अत्यांनी ट्रेडमिल सगळ्यात हळू लावली आणि चालत चालत वाचायला घेतलं.

‘बावीस नव्हते, सात आहेत. मी खोटं बोललो, क्षमा असावी. यात कष्ट फार आणि भरवसा कमी. मार्गळीत कोणी येत नाही. मुलींना तर हे काम फारच अवघड. तंजावुरात आणखी कुणाला जागा आहे असं मला वाटत नाही. नंदितानं पगार सोडू नये.’

“बावीसचे सात केलेस,” अत्या म्हणाल्या. “शाबास. दहातले पाच गुण.”

“पाचच?”

“मुलींना अवघड, हे कुठून आलं?”

“अवघडच आहे की.”

“सातांत बायका किती?”

मुरलीनं ट्रेडमिलच्या बटणांकडं बघितलं. “चार.”

“आम्ही चौघी तुझ्याकडं का येतो?”

“मी चांगलं शिकवतो म्हणून.”

अत्यांनी ट्रेडमिल बंद केली. पट्टा थांबेपर्यंत त्या थांबल्या.

“शिकवतोस चांगलं. खोटं मोजतोस, पण चांगलं शिकवतोस. मी तुला गुडघ्याचं सांगितलं. गुडघ्याच्या वर काय काय दुखतं, ते सांगितलं का कधी? नाही सांगितलं. दोन मुलं झालेल्या बाईनं पुरुषाला काय सांगायचं? बाकीच्या तिघींनीही सांगितलं नसेल. इथंही बाई मास्टर नाही, तुझ्या दुसऱ्या जिममध्येही नाही. म्हणून आम्ही तुझ्यापुढं अर्धंच दुखणं घेऊन येतो.”

“मी विचारलं असतं तर—”

“विचारलं असतंस तर मी दुसऱ्या दिवसापासून खरंच बाजाराला गेले असते.” त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. “उद्या इथं एक शहाणी पोर येऊन उभी राहिली, तर मी त्याच दिवशी तुला सोडून तिच्याकडं जाईन. अत्या असले तरी. हे तुला ठाऊक होतं. म्हणून चार महिने झाले. बाविसाची लाज तर तू काल एका रात्रीत लिहून टाकलीस.”

मुरलीला ते झोंबलं, कारण ते त्यानं स्वतःलाही इतकं सरळ सांगितलं नव्हतं. चार गेल्या की तीन उरतात. तीन माणसांवर जागेचं भाडं निघतं, आणि त्यानंतर माणूस पुन्हा कुणाच्या तरी पगारावर जातो. छत्तिसाव्या वर्षी, पंचविशीतल्या पोरांच्या शेजारी, छातीवर जिमचं नाव छापलेला टी-शर्ट घालून. त्याला तो टी-शर्ट डोळ्यांसमोर दिसत होता. त्याचा रंगसुद्धा दिसत होता, पोपटी.

“बैठका?” त्यानं विचारलं.

“बारा,” अत्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यानं बारा म्हणजे बाराच मोजल्या. अत्या तेरावीची वाट बघत क्षणभर उभ्या राहिल्या, आणि ‘झालं?’ म्हणून जरा हिरमुसल्याच.

नऊ वाजता, सगळी माणसं गेल्यावर, मुरली जिमच्या मालकासमोर जाऊन उभा राहिला. कार्तिक नावाचा हा तरुण मालक दिवसभर काउंटरवर बसून उकडलेली अंडी खात असे.

“कार्तिक, एखादी बाई ट्रेनर आली, स्वतंत्र, माझ्यासारखी, तर सकाळची जागा देशील?”

“मास्टर! कधीपासून शोधतोय! आणताय का? तुमच्या ओळखीची आहे?” मग त्याच्या हातातलं अंडं थांबलं. “पण मग तुमच्या मॅडमलोक…”

“हो.”

“मास्टर, डोकं ठीक आहे ना?”

“जागा देशील का, ते सांग.”

“आज येऊ दे म्हणावं,” कार्तिक म्हणाला, आणि त्याच्याकडं जरा काळजीनं बघत त्यानं एक अंडं पुढं केलं.

मुरली घरी गेला. दुपार नेहमीसारखी लांबलचक पसरली होती. तो हॉलमध्ये जमिनीवर बसला, पुढं पाट घेतला आणि पाटावर अंतर्देशीय पत्र. ते त्यानं येताना घेतलं होतं. दोन घेतली होती, एक वाया जाईल या हिशेबानं. पहिलं पंधरा मिनिटांत वाया गेलं. दुसऱ्यावर त्यानं नमस्कार लिहिला आणि पंख्याकडं बघत बसला.

साडेतीनला कमलाक्षी शाळेतून आली. चपला काढता काढता तिनं पाट बघितला, पेन बघितलं आणि नवऱ्याचं कपाळ बघितलं.

“अय्यो, कुणी गेलं का?”

“अप्पाजींना लिहितोय.”

ती त्याच्यासमोर बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं; अत्या, बावीस त्रिक सहासष्ट, चार बायका, पोपटी टी-शर्ट. टी-शर्टाशी ती हसली. मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, “म्हणजे आपल्याकडं तीन राहतील.”

“हो.”

“आणि खोटं लिहिलंत, तर सात राहतील.”

“हो.”

“पत्र पाठवलंच नाहीत, तरी सातच राहतील. अप्पाजी काय, ते तुम्हाला रागावणारही नाहीत. म्हणतील, मुरली कामात असेल. बावीस माणसांचा मास्टर आहे.”

मुरलीनं तिच्याकडं बघितलं. ती गंभीर होती की चिडवत होती, हे बारा वर्षांच्या संसारात त्याला कधी कळलं नव्हतं, आणि आजही कळलं नाही. ती उठून कॉफी करायला गेली. आतून तिनं ओरडून विचारलं, “साखर घालू, की मास्टरांचं डाएट आहे?”

“घाल,” तो म्हणाला, आणि लिहायला लागला.

‘अप्पाजींना साष्टांग नमस्कार. बावीस नव्हते. तुम्ही विचारलंत त्या दिवशी नऊ होते, आज सात आहेत. तुमचे डोळे भरून आले, तेव्हाच सांगायला हवं होतं.

पोट भरतं का विचारलंत. भरतं, पण कमलाक्षीचा पगार शेजारी बसलेला असतो म्हणून. मार्गळीत सगळे देवळात जातात आणि मी आरशासमोर एकटा उभा असतो. सकाळ आणि संध्याकाळ पळतात, दुपार हलत नाही. हे नंदिताला आधी सांगा, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पगार एकदम सोडू नये. पहिले दोन महिने आठवड्यातून दोन दिवस इथं यावं, चार माणसं जोडावीत, मग सोडावं.

जागा आहे का विचारलंत. आहे. माझ्या सातांत चार बायका आहेत. त्या माझ्याकडं आहेत, कारण त्यांना दुसरीकडं जायला कुणी नाही. नंदिता आली तर त्या तिच्याकडं जातील. जावं. मला त्यांचं अर्धंच शिकवता येतं. जिमच्या मालकाशी बोललो आहे, तो सकाळची वेळ द्यायला तयार आहे.

उत्तराला चार महिने लागले, ते या चार बायकांमुळं लागले. वेळ नव्हता असं नाही.

नंदिता आली की मी तिला इथली रीत दाखवीन. एक विनंती. तिनं मला मास्टर म्हणू नये, आपली माणसं हसतात. काका म्हणावं.’

त्यानं ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं, तर काहीतरी काढून टाकायचा मोह होईल, हे त्याला ठाऊक होतं. कडा दुमडल्या, जिभेनं डिंक ओला केला आणि पत्र चिकटवून टाकलं. कॉफी थंड होत होती.

“कॉफी?” कमलाक्षी म्हणाली.

“आलोच. शेवटचं टपाल उचलायला येतील.”

“उद्या टाका की. उद्या काय—”

पण तो चपला घालून स्कूटरवर बसलाही होता. उद्याची सकाळ मध्ये आली, तर पत्र पुन्हा टॉवेल आणि बाटलीच्या मध्ये जाऊन बसेल, एवढं त्याला स्वतःबद्दल नक्की माहीत होतं.

स्टेशनजवळच्या मोठ्या पोस्टाबाहेर लाल पेटी होती. मुरलीनं पत्र फटीत धरलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. एक रिक्षा गेली, दुसरी गेली. मग त्याची बोटं सुटली, आणि आत कुठंतरी कागदावर कागद पडल्याचा आवाज झाला. इतका बारीक, की खरंच झाला का, अशी शंका यावी.

त्याच क्षणी त्याला आठवलं, की नंदिताची तब्येत विचारायची राहिली. अप्पाजींचीही राहिली. आणि ‘जावं’ हा शब्द जरा उद्धट झाला का? त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि फटीत हात घातला. बोटं गेली. तळहात अडकला. पंधरा वर्षं वजनं उचलून कमावलेलं ते मनगट तिथं एक इंचही पुढं सरकेना.

“सार,” मागून एका बाईचा आवाज आला. हातात लखोटा घेऊन ती केव्हाची उभी होती. “तुम्हाला आत टाकायचंय, की बाहेर काढायचंय?”

मुरलीनं हात सोडवून घेतला. बोटांवर लाल रंगाचे ओरखडे उठले होते.

“टाकून झालंय,” तो म्हणाला, आणि तिला वाट देऊन बाजूला झाला.